यादीच्या भरवशावर: शोधनिबंधांची पंधरा वर्षे

पुण्याच्या मंडईची इमारत नगरपालिकेने 1880 च्या दशकात उभारली, तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. तिच्यावर एवढा पैसा घालण्यास नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने याच वास्तूला फुल्यांचे नाव मिळाले. ज्ञानाच्या नावाने खर्च होणारा पैसा खरोखर ज्ञानाच्या कामी येतो का, हा त्या वादातून निघणारा प्रश्न गेल्या पंधरा वर्षांत शोधनिबंधांच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला आहे. त्याचा मागोवा पुण्याला वगळून घेता येत नाही. पैसे घेऊन निकृष्ट निबंध छापण्याच्या रोगाचे मोजमाप झाले ते बरेचसे पुण्यातल्या अभ्यासकांकडून, त्यावरचा उपाय, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, चालवला गेला तो पुणे विद्यापीठातून, आणि 2025 मध्ये तो उपाय गुंडाळला गेला तेव्हा त्याची झळही इथल्या कॉलेजांना लागली. या सगळ्यातून मला एकच गोष्ट ठामपणे दिसते. चूक याद्यांच्या दर्जात नव्हती. निबंध न वाचता त्याचे मोल ठरवता येईल, या समजुतीत ती होती.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2010 च्या नियमांनी प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी एपीआय गुण आणले. निबंधाला गुण, परिषदेला गुण, पुस्तकाला गुण. बेरीज पुरी झाली की माणूस पात्र. त्याआधीच्या वर्षीच्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध छापून आणणे सक्तीचे केले होते. हेतू वाईट नव्हता. पण आठवड्याचे सोळा तास शिकवणाऱ्या, प्रयोगशाळा नसलेल्या कॉलेजातल्या शिक्षकाकडूनही निबंधांची मोजणी सुरू झाली, आणि जिथे मागणी तिथे पुरवठा. पैसे घेऊन चार दिवसांत निबंध छापणारी जर्नले निघाली. नावात ‘इंटरनॅशनल’, मुखपृष्ठावर आयएसएसएन क्रमांक, कुठल्या तरी अनोळखी संस्थेने दिलेला इम्पॅक्ट फॅक्टर. आयएसएसएन हा केवळ नियतकालिकाच्या नोंदणीचा क्रमांक असतो, दर्जाशी त्याचा संबंध नसतो. पण मुलाखतीच्या टेबलावर तोच दर्जाचा दाखला ठरू लागला. शेन आणि ब्योर्क यांच्या 2015 च्या अभ्यासानुसार अशा जर्नलांतून 2014 या एका वर्षात सुमारे 4 लाख 20 हजार लेख निघाले, आणि लेखकांपैकी सुमारे 35 टक्के भारतीय होते.

यूजीसीने उपाय केला तो यादीचा. जानेवारी 2017 मध्ये मान्यताप्राप्त जर्नलांची भली मोठी यादी आली. तिच्यातला एक भाग विद्यापीठांनी सुचवलेल्या नावांचा होता. भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर, श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच भागातला नमुना तपासला आणि मार्च 2018 च्या ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष छापले. प्रस्थापित सूचींत नसलेल्या जर्नलांपैकी 88 टक्क्यांहून अधिक जर्नले कमी दर्जाची निघाली. एक तृतीयांशाहून अधिक जर्नलांचा धड पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांची नावेसुद्धा मिळेनात, आणि निम्म्याहून अधिक जर्नलांनी दिलेली माहिती खोटी किंवा दिशाभूल करणारी होती. ही नावे सुचवली होती विद्यापीठांनीच, हे मला यातले सर्वांत गंभीर वाटते. मे 2018 मध्ये यूजीसीने 4305 जर्नले यादीतून काढली, आणि पुढच्या वर्षी यूजीसीच्याच ‘केअर’ या गटाची नवी यादी आली. तिची छाननी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षाने केली, आणि ती आधीच्या यादीपेक्षा कितीतरी काटेकोर होती. एवढे श्रम खऱ्या कळकळीने घेतले गेले, हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही यादी जितकी चांगली, तितकी तिच्यातल्या नावांना बाजारात किंमत. केअर यादीतल्या खऱ्या जर्नलांची हुबेहूब नकली संकेतस्थळे उभी राहिली आणि अशा नकलांची नावे कक्षालाच जाहीर करावी लागली. वजनमाप खात्याचा शिक्का तागडी खरी आहे एवढेच सांगतो, वांगी किडकी आहेत का ते सांगत नाही. यादीचे काम त्या शिक्क्याएवढेच होते. पण निवड समित्यांनी पारखायचेच सोडून दिले. ‘केअरमध्ये आहे का?’ एवढे विचारले की निबंधाचा विषय संपे.

जर्नलच्या नावावरून निबंध किती कळतो, याचा दाखला पुण्यातच आहे. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत असताना दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1943 मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये एक निबंध छापला. त्यातली कल्पना पुढे कारहुनेन आणि लोएव्ह या दोघांनी स्वतंत्रपणे मांडली, आणि आज ती जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्याच कोसंबींनी 1959 मध्ये कृषी सांख्यिकीच्या एका भारतीय जर्नलमध्ये अविभाज्य संख्यांवर निबंध छापला, रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाकडे नेणारा. त्यातली सिद्धता सदोष निघाली आणि त्यांच्या गणिती प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला. लेखक एक, दोन्ही जर्नले भारतीय, दोन्ही बेताच्या वाचकवर्गाची. एक निबंध काळाच्या पुढचा, दुसरा चुकीचा. कोणत्याही यादीने दोघांना सारखेच गुण दिले असते. फरक कळला तो जाणकारांनी वाचल्यावर. 1911 मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्याच जर्नलमध्ये रामानुजनचा पहिला निबंध आला, तोही संपादकांनी पुन्हापुन्हा लेखकाकडे परत पाठवून, वाचकाला कळेल असा करून घेतल्यावर. शोधनिबंध तयार होतो तो असा: कोणीतरी ओळ न् ओळ वाचून ‘हे कसे?’ विचारतो आणि लेखकाला पुन्हा कामाला लागावे लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो न्यायाचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. वाचून निर्णय द्यायचा म्हटले की वशिला आला. गुणांची बेरीज आंधळी असेल, पण ती आडनाव विचारत नाही. ज्यांच्यामागे कोणी नाही अशा, पहिल्या पिढीत शिकलेल्या उमेदवाराला तिचाच आधार. हे खरे आहे. मात्र पैसे भरून मिळणारे गुण त्याच उमेदवाराला सर्वांत महाग पडतात, आणि ज्याने वर्षभर खपून एकच निबंध लिहिला त्याला दहा विकत घेणारा सहज मागे टाकतो. पक्षपातावर इलाज न वाचणे हा नसून वाचनाची नोंद उघड ठेवणे हा आहे: उमेदवाराने आपले तीनच निबंध निवडून द्यावेत, बाहेरच्या दोन अभ्यासकांनी त्यांवर लेखी, कारणांसह मत द्यावे आणि ते उमेदवाराला पाहता यावे. दुसरा आक्षेप वेळेचा. एवढ्या अर्जांचे निबंध वाचणार कोण? प्रत्येकी तीनच निबंध मागितले की वाचायचा ढीग आपोआप उतरतो. पीएच.डी.साठी निबंधाची सक्ती 2022 मध्ये गेलीच आहे, तिच्यामुळे होणारी छपाईही कमी व्हायला हवी.

फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने केअर यादी बंद करून जर्नलची पारख संस्थांवर सोपवली. त्याआधी नोव्हेंबर 2024 मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी मिळाली होती: तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये, सुमारे 13 हजार जर्नले, 6300 हून अधिक सरकारी संस्थांना वाचायला खुली. वाचनावर होणारा हा खर्च मला रास्त वाटतो, कारण संदर्भ हाती नसताना चांगला निबंध लिहिता येत नाही आणि दुसऱ्याचा पारखताही येत नाही. खाजगी विनाअनुदानित कॉलेजे मात्र त्यात नाहीत. भारतीय भाषांतल्या जर्नलांचा प्रश्नही उघडाच आहे. केअरने त्यांना निदान एक दार दिले होते; परदेशी सूचींत मराठी संशोधनाला जवळजवळ जागा नाही. आता मराठीत लिहिलेला निबंध कोणी कसा पारखायचा, हे प्रत्येक विद्यापीठाला ठरवावे लागेल, आणि त्यासाठी मराठी वाचणारे परीक्षक नेमून त्यांच्या कामाचा मोबदला द्यावा लागेल. त्याची तरतूद पुढच्या अंदाजपत्रकात दिसली पाहिजे.