घडवणाऱ्याचा वाटा

व्हिएन्नातला 24 मे 1995 चा तो सामना फुटबॉलच्या जाणकारांना अजून आठवतो. युरोपातल्या सर्वोच्च क्लब-स्पर्धेची अंतिम फेरी, समोर गतविजेता मिलान. खेळ संपायला पाच मिनिटं उरली असताना बदली म्हणून उतरलेल्या पॅट्रिक क्लुइव्हर्टने गोल केला आणि ॲमस्टरडॅमचा आयाक्स विजेता झाला. क्लुइव्हर्टचं वय 18. त्याच्यासह रायझिगर, डेव्हिड्स, सीडॉर्फ, डे बूर बंधू असे कितीतरी जण आयाक्सच्याच प्रशिक्षणशाळेत वाढलेले. सात महिन्यांनी, 15 डिसेंबर 1995 ला, युरोपीय न्यायालयाने बोसमन खटल्याचा निकाल दिला. करार संपलेला युरोपीय खेळाडू युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशाच्या क्लबात जाणार असेल, तर जुन्या क्लबाला त्याच्यासाठी पैसे मागता येणार नाहीत, असा तो निकाल होता. 1996 मध्ये डेव्हिड्स आणि रायझिगर मिलानला गेले, 1997 मध्ये क्लुइव्हर्टही गेला. तिघंही फुकट. ज्याने हरवलं त्यालाच हरलेल्याने एक पैसाही न मोजता घरी नेलं. 1999 संपेपर्यंत त्या विजेत्या संघातलं जवळजवळ कोणीच आयाक्समध्ये उरलं नव्हतं.

या गोष्टीतला खलनायक म्हणून बोसमनकडे बोट दाखवण्याचा मोह होतो, पण तो अन्याय होईल. जाँ-मार्क बोसमन हा बेल्जियममधला सामान्य दर्जाचा खेळाडू. 1990 मध्ये लिएज क्लबाशी त्याचा करार संपला, तेव्हा क्लबाने पाव पगारावर राहण्याचा प्रस्ताव ठेवला. फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं म्हटलं तर क्लबाची पैशांची अट आडवी आली. करार संपल्यावरही माणूस मालकाचाच राहतो, ही व्यवस्था मोडायलाच हवी होती. मात्र खेळाडूचं स्वातंत्र्य आणि त्याला घडवणाऱ्याची भरपाई हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि गेली तीस वर्षं त्यांची गल्लत होत आली आहे. मुलं श्रीमंत क्लबांकडे जाणारच. त्यांना अडवण्याचा हक्क कुणाला नाही, आणि ती थांबणारही नाहीत. प्रश्न आहे तो त्यांच्या जाण्यातून उभ्या राहणाऱ्या पैशातला किती भाग त्यांना शिकवणाऱ्यापर्यंत पोहोचतो, हा.

ती थांबणार का नाहीत, हे समजायला एक हिशेब पुरे. डच लीगने 2012 मध्ये टीव्ही-प्रक्षेपणाचा बारा वर्षांचा करार केला, तो सुमारे एक अब्ज युरोंचा. म्हणजे वर्षाला आठ-साडेआठ कोटी, आणि तेही सगळ्या क्लबांत वाटून. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये तळाला राहून खाली घसरणाऱ्या एकट्या क्लबालाही अलीकडे वर्षाला साधारण दहा कोटी पौंड मिळतात. अशा बाजारात आयाक्सने कितीही चांगला पगार देऊ केला तरी तो अपुराच ठरणार. 2019 मध्ये आयाक्सचा तरुण संघ पुन्हा त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत गेला आणि भरपाई वेळेच्या अखेरच्या क्षणी टॉटनहॅमकडून गारद झाला. त्याच उन्हाळ्यात 19 वर्षांचा कर्णधार डे लिख्त युव्हेंटसला आणि फ्रेंकी डे योंग बार्सिलोनाला गेला, प्रत्येकी साडेसात कोटी युरोंना.

इथे कुणी म्हणेल, मग बिघडलं कुठे? पंधरा कोटी आले की! मुलं घडवा, विका, त्या पैशातून नवी घडवा. हा उत्तम धंदा आहे. काही अंशी खरं आहे, आणि आयाक्सने हा धंदा इतरांपेक्षा चांगला केला आहे. पण धंदा आणि संघ एका वेगाने वाढत नाहीत. 2022 च्या उन्हाळ्यात आयाक्सने अँटनीला साडेनऊ कोटी युरोंना विकलं, लिसांड्रो मार्टिनेझ, हालर, ग्रावेनबेर्ख यांनाही विकलं आणि एका हंगामात वीस कोटी युरोंहून जास्त रक्कम मिळवली. प्रशिक्षक टेन हागही गेला. तिजोरी कधी नव्हे इतकी भरलेली असताना संघ त्या हंगामात तिसरा आला आणि ऑक्टोबर 2023 मध्ये चक्क गुणतक्त्याच्या तळाशी होता. खरेदीत घोडचुका झाल्या, हे कबूल. पण घोडचुका होतातच, कारण आठ वर्षांत घडलेली समज आठ आठवड्यांत बाजारातून आणता येत नाही. आणि अँटनी मुळात घडला साओ पाउलोत. त्याच्यावर आणि मार्टिनेझसारख्या खेळाडूंवर आयाक्सने मिळवलेला पैसा हा मधल्या व्यापाऱ्याचा नफा होता. फ्रेंकी डे योंगलाही आयाक्सने विलेम टू या छोट्या डच क्लबाकडून नाममात्र किमतीला घेतलं होतं. म्हणजे ज्याच्यासाठी आपण हळहळतो तो आयाक्ससुद्धा मधली पायरीच आहे, आणि खालच्या पायरीवर त्याचाही पाय पडतो.

म्हणून खरी कसोटी सर्वांत खालच्या पायरीची. फिफाने 2001 पासून एक नियम ठेवला आहे: करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या देशात विकला गेला, तर किमतीतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात शिकवणाऱ्या क्लबांत वाटायचे. 12 ते 15 वयातल्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक हंगामाला अर्धा. कल्पना छान, पण पॉल पोग्बाचं उदाहरण घ्या. तो सहाव्या वर्षी पॅरिसजवळच्या रुआसी-आँ-ब्री या गावच्या क्लबात खेळायला लागला आणि तिथे सात हंगाम राहिला. 2016 मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी साडेदहा कोटी युरो मोजले. त्या रकमेवर पाव टक्का म्हणजे दोन लाख बासष्ट हजार पाचशे युरो. गावच्या क्लबाला ही मोठीच रक्कम. पण सातातले फार तर शेवटचे एक-दोन हंगाम मोजले जातात. बूट कसे बांधायचे इथपासून ज्यांनी शिकवलं, त्यांची वर्षं नियमाच्या लेखी शून्य.

दुसरी फट याहून मोठी. किंमतच शून्य असली, तर शून्याचे पाच टक्के शून्यच. आयाक्सचा गोलरक्षक आंद्रे ओनाना 2022 मध्ये करार संपवून इंटर मिलानला फुकट गेला; वर्षभरात इंटरने त्याला मँचेस्टर युनायटेडला सुमारे पाच कोटी युरोंना विकलं. फुकट जाण्यात पैसा नसतो, असं नाही. वाचलेली किंमत सहीच्या बोनसमध्ये आणि दलालाच्या खिशात जाते. तरुण खेळाडूंसाठी फिफाची वेगळी प्रशिक्षण-भरपाई आहे, पण ती 23 व्या वर्षाशी थांबते आणि तिचे दर ठरलेले आहेत. युरोपातल्या अव्वल श्रेणीसाठी वर्षाला 90 हजार युरो, बाजारभाव कितीही चढो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: भरपाई वाढवली तर ती खेळाडूच्या पायातली बेडी होईल, लिएजचंच राज्य परत येईल. याचं उत्तर बोसमनचा निकाल देणाऱ्या त्याच युरोपीय न्यायालयाने 2010 मध्ये दिलं आहे. ऑलिव्हिए बर्नार्ड हा ल्यों क्लबात शिकलेला मुलगा. ल्योंचा करार नाकारून तो न्यूकॅसलला गेला आणि ल्योंने त्याच्याकडून एका वर्षाच्या पगाराएवढी नुकसानभरपाई मागितली. न्यायालयाने ती मागणी गैर ठरवली, कारण तिचा प्रशिक्षणाच्या खर्चाशी संबंध नव्हता. पण खर्चाशी जोडलेली भरपाई योग्य आहे, आणि त्या खर्चात पुढे व्यावसायिक न झालेल्या मुलांवरचा खर्चही धरता येतो, असंही म्हटलं. शंभर मुलं शिकवावीत तेव्हा दोन-चार निघतात. बाकीच्यांचं बिल कोण भरतं, हा प्रश्न न्यायाधीशांना कळला होता. म्हणून भरपाई खेळाडूकडून नव्हे, तर नेणाऱ्या क्लबाकडून घ्यायची, किमतीऐवजी बोनस-दलालीसह सगळ्या व्यवहारावर घ्यायची आणि बारा वर्षांखालची वर्षंही मोजायची. इतकं केलं तर कुणाचं स्वातंत्र्य जात नाही.

बिल्बाओचा ॲथलेटिक फक्त बास्क मातीतल्या खेळाडूंवर खेळतो, राजीखुशीने कुणाला विकत नाही आणि स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून कधी घसरलेला नाही, हे उदाहरण खेळाडू टिकवता येतात असं सांगताना नेहमी पुढे केलं जातं. कौतुकास्पदच आहे ते. पण 2018 मध्ये चेल्सीने करारातली आठ कोटी युरोंची सुटकेची रक्कम भरून त्यांचाही गोलरक्षक केपा नेलाच. ॲथलेटिक तगला, कारण ती रक्कम करारात आधीच लिहून ठेवली होती.

कागदाचं महत्त्व इथेच आहे. पाच टक्क्यांच्या नियमाने वर्षाला सुमारे 40 कोटी डॉलर वाटले जायला हवेत, प्रत्यक्षात 7-8 कोटीच पोहोचतात, असा खुद्द फिफाचा अंदाज होता. छोट्या क्लबांना आपला हक्कच ठाऊक नसायचा. म्हणून 2022 पासून पॅरिसमधल्या फिफाच्या क्लिअरिंग हाउसमार्फत, खेळाडूच्या नोंदणीचा इतिहास पाहून वाटप सुरू झालं आहे. नोंद नसेल तर वाटा नाही. कोल्हापुरातल्या तालमींच्या फुटबॉल संघांनी आणि गोव्यातल्या गावोगावच्या क्लबांनी आपल्याकडच्या बारा वर्षांच्या मुलाची रीतसर नोंदणी याच हंगामात करून घ्यावी.