खासबागेतला केशवराव

कोल्हापूरला नवखा माणूस खासबाग मैदान बघायला आला, की त्याला एका गोष्टीचं नवल वाटतं. कुस्तीच्या मैदानाला लागून नाट्यगृह आहे. मैदानाच्या एका अंगाला २०२४ पर्यंत उघडा रंगमंच होता आणि त्याच्या पाठीशी केशवराव भोसले नाट्यगृह. इकडे लाल माती, तिकडे ऑर्गन. कोल्हापूरकराला यात वेगळं काही वाटत नाही. इथला माणूस दुपारी कुस्ती बघून रात्री नाटकाला बसायचा.

दोन्ही वास्तू राजर्षी शाहू महाराजांच्या. १९०२ साली महाराज युरोपला गेले, रोममधलं प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि तसंच काही आपल्या मल्लांसाठी असावं, हे मनात घेऊन परतले. १९१२ मध्ये खासबाग खुलं झालं. मधोमध हौदा आणि भोवती वर चढत गेलेली बैठक. पुढच्याचा फेटा मागच्याच्या आड येत नाही, शेवटच्या रांगेतल्यालाही पैलवानाचा पट दिसतो. पाठोपाठ १९१३ ते १९१५ या काळात शेजारी पॅलेस थिएटर उभं राहिलं. याच थिएटरला पुढे केशवरावांचं नाव मिळालं.

गायक-नट केशवरावांची कारकीर्द सांगायची तर तिला वेग फार. जन्म ९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूरचाच. पोरवयात स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले आणि देवलांच्या 'शारदा'तली शारदा करून नावारूपाला आले. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्यांनी ललितकलादर्श ही स्वतःची नाटक मंडळी काढली, तेव्हा वय होतं सतरा. रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम त्यांना मिळाली. वझेबुवांच्या गाण्यातला जोरकस, आक्रमक बाज त्यांच्या गळ्यात उतरला. तान घ्यायची ती चढती, तडफेची. 'राक्षसी महत्त्वाकांक्षा'तली मृणालिनी, 'हाच मुलाचा बाप', 'संन्याशाचा संसार' अशी एकेक नाटकं त्यांनी गाजवली.

आज ज्याला आपण शास्त्रीय आणि लोकप्रिय संगीताचा मिलाफ म्हणतो, तो मराठी नाटकवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वीच रोजच्या धंद्यात आणला होता. ख्यालातला राग, ठुमरीतली लकेर, सगळं पदात बांधायचं आणि तिकीट काढून आलेल्या कापड दुकानदारासमोर गायचं. 'मानापमान'च्या चाली देणारे गोविंदराव टेंबेही कोल्हापूरचेच. अल्लादिया खाँसाहेब दरबारात होते. ज्या गावात खाँसाहेबांचं गाणं आणि तालमीतली हलगी एकाच राजाच्या आश्रयाला होती, तिथल्या श्रोत्याला मैफल आणि मैदान ही दोन वेगळी जगं वाटलीच नाहीत.

म्हणूनच खासबागेची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कोल्हापुरात जुनी माणसं आजही सांगतात, की थिएटरात मावेल एवढ्यांपुरतं नाटक राहू नये म्हणून महाराजांनी केशवरावांच्या 'मृच्छकटिका'चा प्रयोग थेट कुस्तीच्या मैदानात लावला, आणि ध्वनिक्षेपक नसताना हजारोंच्या जमावाला केशवरावांनी बांधून ठेवलं. गर्दीचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात, ते सोडून देऊ. मैदानाची घडण मात्र डोळ्यांपुढे आहे. वरच्या पायरीवर उभं राहिलं की हौद्यातल्या पैलवानाने ठोकलेला शड्डू स्वच्छ कानावर येतो. तरीही उघड्या आभाळाखाली गायचं म्हणजे सूर परतून यायला भिंत नाही, छत नाही. तिथे नाजूक मुरकी हवेत विरून जाते. भरदार, टोकदार, लांब दमाचा आवाजच पोचतो, आणि केशवरावांचं गाणं नेमकं त्याच जातीचं होतं. गायकाचा दमसास आणि मल्लाचा दम या दोन्ही गोष्टी पहाटेच्या मेहनतीने कमावलेल्या असतात, हे त्या गर्दीतल्या वस्तादांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढे ७ जुलै १९९० रोजी, फुटबॉलच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, पाव्हारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास हे तीन गायक रोममधल्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत गायले. ऑपेरा आणि खेळ यांचं नातं त्या रात्रीने जगाच्या घराघरांत नेलं. त्यांच्या दिमतीला ध्वनियंत्रणा होती, दूरचित्रवाणी होती. महाराजांनी जिथून मैदानाची कल्पना आणली त्याच शहरात हे घडलं, याचं मला अप्रूप वाटतं.

पुन्हा केशवरावांकडे येऊ. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. महाराष्ट्र त्यावर अजून बोलतो. त्यानंतर तीन महिनेही गेले नाहीत. ४ ऑक्टोबरला विषमज्वराने केशवराव गेले, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी. सात महिन्यांनी, ६ मे १९२२ रोजी महाराजही गेले. ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी सांभाळली.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. आतला रंगमंच, छत, खुर्च्या जळाल्या, आणि खासबागेच्या बाजूचा उघडा रंगमंचही त्याच ज्वाळांत गेला. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगकर्मी जमले ते काळवंडलेल्या दगडी भिंतींपाशी, आणि त्यांच्यातल्या अनेकांना बोलवेना.