गाडी रेस का घेत नाही?

पुण्याकडे निघालेली गाडी संगमनेर सोडते, चंदनापुरी घाटाचा चढ लागतो आणि एकाएकी पायाखालचा जोर जातो. इंजिन चालू, गाडी गिअरमध्ये, पेडल तळाला टेकलेलं, तरी गाडी नुसती रांगतेय. समोर चेक इंजिनचा पिवळा दिवा, मागे भरलेला ट्रक. अशा वेळी जुन्या माणसांना पहिल्यांदा केबल आठवते. पूर्वी पेडलपासून इंजिनापर्यंत खरोखरच पोलादी तार जायची. ती तुटली की काहीतरी बांधून-खेचून गाडी घरापर्यंत आणणारे महाभाग प्रत्येक गावात असायचे. आताच्या गाडीत ती तारच नाही.

पाय दाबला की इंजिनाला हुकूम गेला, असं आपण समजतो. खरं तर जातो तो अर्ज, आणि तो मंजूर करायचा की नाही हे इसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो.

अर्ज लिहिला जातो पेडलच्या वरच्या टोकाला असलेल्या प्लास्टिकच्या छोट्या डबीत. बहुतेक गाड्यांत तिच्यातून सहा वायरी निघतात, कारण आत सेन्सर एक नसून दोन असतात आणि प्रत्येकाला 5 व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल अशा तीन वायरी वेगळ्या. अनेक गाड्यांत पेडल मोकळं असताना पहिला सेन्सर पाऊण व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि पूर्ण दाबल्यावर चारच्या जवळ जातो. दुसरा मात्र प्रत्येक क्षणी त्याच्या निम्म्यावर.

हे निम्मं का? मला या सगळ्या यंत्रणेतली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते. दोन्ही सेन्सर सारखाच आकडा देत असते आणि त्यांच्या सिग्नलच्या वायरी कुठे एकमेकींना चिकटल्या असत्या, तरी आकडे जुळलेच असते आणि बिघाड कुणाला कळलाच नसता. आकडे मुद्दाम वेगळे ठेवल्यामुळे वायरी चिकटल्या की दुपटीचं गणित मोडतं. ते मोडलं की इसीएम पायावरचा विश्वास काढून घेतो आणि इंजिनाला जेमतेम रस्त्याकडेला जाता येईल इतकीच ताकद देतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की ‘पी2138’ दिसतो, तो याच भांडणाचा कोड.

ही शंका अतिरेकी वाटेल, पण अमेरिकेतलं एक प्रकरण पाहा. टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी आल्या, तेव्हा नासाच्या अभियंत्यांनी तपास केला. 2011 च्या अहवालानुसार तसं घडवणारा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. एका बिघडलेल्या पेडलच्या सेन्सरमध्ये मात्र कथिलाचा तंतू सापडला. केसाहून कितीतरी बारीक, धातूच्या मुलाम्यातून आपोआप उगवलेला आणि नेमका दोन सिग्नलांमध्ये पूल बांधून बसलेला!

आताच्या बऱ्याच पेडलमध्ये घासणारा भागच नसतो. चुंबक हलतो आणि न टेकता त्याची जागा ओळखली जाते. यामागचा परिणाम एडविन हॉल या विद्यार्थ्याला 1879 मध्ये बाल्टिमोरला सोन्याच्या पातळ वर्खात दिसला. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अजून 18 वर्षं होती.

संगमनेरच्या एका बाजूला चाकण, दुसऱ्या बाजूला नाशिक. दोन्हीकडे महिंद्राचे कारखाने आहेत आणि नाशिकला बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टर बनतात. या रस्त्यावरच्या मिस्त्रींनाही आता पान्याइतकाच मल्टिमीटर लागतो.

चांगला मिस्त्री नवं पेडल मागवण्याआधी खाली वाकून पाहतो, पायपुसणं पेडलखाली सरकलंय का. मग गाडीच्या मागे जाऊन ब्रेकचे दिवे बघतो. पाय ब्रेकवर नसताना ते पेटलेले असतील तर ब्रेकचा स्विच खराब असू शकतो. त्यामुळे इसीएमला वाटतं, ब्रेक दाबलाय. ब्रेक आणि रेस एकदम दिसले की ब्रेकचं ऐकायचं, हे बऱ्याच गाड्यांत त्याला शिकवलेलं असतं. छोट्याशा स्विचपायी हजारोंचं पेडल बदललं जातं, ते इथे.

त्यानंतर कपलर सोडवून पिना पाहायच्या. हिरवट गंज, पाणी, उंदरांनी कुरतडलेली वायर. उसाच्या पट्ट्यात शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांना उंदीर नवा नाही. सगळं ठीक असेल तर कपलर परत जोडून, इंजिन न सुरू करता चावी फिरवायची आणि मल्टिमीटर सिग्नलवर धरून पेडल हाताने अगदी सावकाश दाबायचं. आकडा संथ चढत गेला पाहिजे. मध्येच तो शून्यावर आपटला किंवा उडी मारून गेला, तर डबीतच दोष आहे. ती सहसा उघडून दुरुस्त करत नाहीत, पेडलचा पूर्ण संच बदलतात.

घाटात अडकलेल्यासाठी एवढंच: चारही इंडिकेटर लावा, कडेला घ्या, इंजिन बंद करून थोड्या वेळाने सुरू करा. इसीएम तपासणी पहिल्यापासून करतो, म्हणून गाडी बरेचदा ठीक चालू लागते. पण कोड आत नोंदलेला राहतो. मिस्त्रीने तो वाचायच्या आधी पुसू देऊ नका.

पेडल निर्दोष निघालं, तर डिझेल गाडीत गाळणी किंवा सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर तुंबलाय का ते बघतात. पेट्रोल गाडीत नजर थ्रॉटल बॉडीकडे जाते. तिथे हवेचं झाकण छोटी मोटर फिरवते. वीज गेली तरी स्प्रिंगा ते पूर्ण मिटू देत नाहीत, फटभर उघडं ठेवतात. काजळी साचत गेली की इसीएम ते झाकण हळूहळू थोडं जास्त उघडायला शिकतो. म्हणून ते धुऊन लख्ख केल्यावर गाडी उभ्या जागी जास्त गुरगुरली, तर घाबरायचं कारण नाही. जुन्या काजळीचा हिशेब त्याच्या डोक्यात अजून असतो. काही गाड्या तो चालता चालता विसरतात, काहींना स्कॅनर लावून विसरायला लावावं लागतं.