तपकिरी रंगाची साक्ष

कुष्ठरोगविरोधी दिनाच्या प्रतिज्ञा 30 जानेवारीला ग्रामसभांतून यथाविधी झाल्या, घरोघरच्या तपासणीचे हुकूम सुटले आणि फिकट, बधिर चट्ट्याची माहिती पुन्हा एकदा सर्वांच्या कानी गेली. ती येथे उगाळीत बसण्याचे प्रयोजन नाही. रायगडच्या किनाऱ्याला तर हा विषय जुनाच. कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करणारे मुंबईचे शल्यविशारद डॉ. नोशीर अंतिया यांनी 1970च्या दशकात अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात गावच्याच अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, आणि डोळस नजरेला पदवीची गरज नसते हे दाखवून दिले.

परंतु त्या नजरेलाही न उलगडणारे एक कोडे आहे: जंतू एकच असता एका माणसाच्या अंगावर एखादाच चट्टा उमटून रोग थांबतो आणि दुसऱ्याच्या सर्वांगावर गाठी येतात, हे का? उत्तराचा एक अंश ‘नॉड-2’ नामक प्रथिनात सापडतो. हे प्रथिन पेशीच्या आत असते आणि जंतूच्या कवचातील एक सूक्ष्म तुकडा ओळखून प्रतिकाराची यंत्रणा जागी करते. चिनी रुग्णांच्या 2009मधील अभ्यासात त्याच्या जनुकाचा कुष्ठरोगाशी संबंध आढळला. 2012मध्ये रोग मर्यादित राहिलेल्या रुग्णांच्या त्वचेत ते अधिक प्रमाणात दिसल्याचे प्रसिद्ध झाले.

आता हे ‘दिसणे’ म्हणजे काय, ते पाहू. त्वचेचा केसाहूनही पातळ काप काचपट्टीवर घेतात, त्यावर प्रतिपिंडाचा, म्हणजे ठरावीक प्रथिनाला हेरून चिकटणाऱ्या द्रव्याचा, थेंब सोडतात, आणि जेथे प्रतिपिंड चिकटते तेथे रासायनिक क्रियेने तपकिरी रंग उमटतो. कोलर व मिलस्टाइन यांनी 1975मध्ये एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी निर्माण करण्याची युक्ती शोधल्यापासून ही द्रव्ये बाटलीबंद विकत मिळू लागली. परंतु बाटलीवरचे नाव म्हणजे काही त्यातील गुणाचा दाखला नव्हे. प्रतिपिंड नॉड-2ऐवजी त्याच्या नॉड-1 या सख्ख्या भावंडाला, अथवा भलत्याच प्रथिनाला चिकटले, तरी काचपट्टीवर रंग तोच उमटणार; जागेवर न जाता पंचनाम्यावर सही ठोकणाऱ्या पंचाप्रमाणे ते निःशंकपणे साक्ष देते.

यावर उपाय आहे. ज्या पेशींतून नॉड-2चे जनुकच काढून टाकले आहे त्यांवर तेच प्रतिपिंड लावावे. रंग तरीही उमटला, तर ती बाटली खुशाल मोरीत ओतावी. उपाय खर्चाचा असल्यामुळे तो पुष्कळदा टाळला जातो आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर विसंबून निष्कर्ष छापले जातात. माझे मत असे की, संशोधनाला अनुदान देणाऱ्या सरकारने या पडताळणीचा खर्च स्वतंत्र बाब म्हणून मंजूर करावा, आणि जनुकविरहित पेशींचे छायाचित्र शेजारी नसेल तर तपकिरी रंगाचे कोणतेही छायाचित्र पुरावा म्हणून दाखल करून घेऊ नये.