धातुशोधक यंत्राला सोने ओळखता येते का?

इंग्लंडच्या सफोक परगण्यात हॉक्सन नावाचे खेडे आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात तेथील एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधायला त्याचा मित्र एरिक लॉज धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, घेऊन शेतात फिरू लागला. एका जागी यंत्र वाजले. खणून पाहतो तो चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी! पुढे त्या जागेतून रोमन काळातील सुमारे १५ हजार नाणी आणि सोन्याचांदीच्या सुमारे २०० वस्तू निघाल्या. हातोडीही सापडली. ती आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

यात एक गंमत आहे. हातोडी लोखंडाची. या छंदातली माणसे लोखंडाला सर्वांत जास्त वैतागलेली असतात, कारण जमिनीत खिळे, तारा, नालाचे तुकडे यांची रेलचेल असते. म्हणून बऱ्याच यंत्रांवर लोखंडाचा संकेत गाळून टाकण्याची सोय असते. पण हातोडी शोधणाऱ्याला ती वापरून कसे चालेल? ‘कचरा’ कशाला म्हणायचे हे यंत्र ठरवत नाही, शोधणारा ठरवतो. मग यंत्र नेमके काय सांगते?

यंत्राच्या खालच्या तबकडीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो, त्यामुळे भोवतालचे चुंबकीय क्षेत्र सतत बदलते. जवळ धातूचा तुकडा आला की विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने त्याच्यात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह निर्माण होतात. या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते.

हे वर्गात दाखवता येते. अॅल्युमिनिअमच्या नळीची एक कडी कापून ती दोऱ्याने टांगा आणि जोरदार लोहचुंबकाचे टोक झटकन तिच्यात शिरवा. अॅल्युमिनिअम चुंबकाला चिकटत नाही, तरी कडी मागे सरकते. आता कडीला एका जागी करवतीने चीर द्या आणि पुन्हा करून पाहा. कडी जवळजवळ हलतच नाही. धातू तोच, वजन तेच, पण प्रवाहाची वाट तुटली. तुटलेले सोन्याचे कडे जमिनीत असेल तर त्याचा संकेतही असाच दुबळा पडतो.

संकेत किती जोराचा यावरून वस्तूचे मोल कळत नाही. मोठा डबा खोलवरूनही जोरात वाजतो. उपयोगाचा असतो तो उशीर. समजा, आपण एक हातगाडी आलटून पालटून पुढेमागे ढकलत आहोत. खडबडीत वाटेवरची रिकामी गाडी आपला जोर थांबताच थांबते. गुळगुळीत रस्त्यावरची भरलेली गाडी मात्र आपण उलटा जोर लावला तरी थोडा वेळ आधीच्याच दिशेने जात राहते. पातळ किंवा कमी वाहक तुकड्यातील भोवरा-प्रवाह पहिल्या गाडीसारखे असतात, तर जाड चांदी-तांब्यातले दुसरीसारखे. हा उशीर, म्हणजे कलांतर, मोजून यंत्र आकडा दाखवते किंवा वेगळा सूर काढते. लोखंडाची तऱ्हा निराळी. ते स्वतःच चुंबकित होऊन क्षेत्र वाढवते, म्हणून साधा खिळा मोजपट्टीच्या दुसऱ्या टोकाला ओळखू येतो.

म्हणजे यंत्र धातूचे नाव सांगत नाही. ते जो उशीर मोजते त्यात धातूची वाहकता, जाडी, आकार आणि मिश्रण या सगळ्यांचा हिशेब एकत्र झालेला असतो. आता रोधकतेचे आकडे पाहा. मायक्रो-ओहम-सेंटिमीटरमध्ये चांदी १.६, तांबे १.७, सोने २.४, अॅल्युमिनिअम २.७. सोने आणि अॅल्युमिनिअम शेजारी शेजारी! शिवाय दागिन्यासाठी सोन्यात तांबे-चांदी मिसळली की रोधकता आणखी वाढते. परिणामी बारीक अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याचे उघडण्याचे कडे एकाच आकड्यावर येऊन बसतात. अॅल्युमिनिअमचा हा कचरा गाळला की अंगठीही गाळली जाते. जाहिरातीत काहीही म्हटले असले तरी यातून सुटका नाही.

उलट फसवणूकही होते. बाटलीचे पत्र्याचे बूच लोखंडीच, पण ते पसरट असल्यामुळे त्यात भोवरा-प्रवाह चांगले फिरतात आणि यंत्र ‘नाणे’ म्हणते. नाण्यांनाही एक नियम नाही. १९९२ पासूनचे पोलादी रुपयाचे नाणे लोहचुंबकाला चिकटते, त्याआधीचे तांबे-निकेलचे चिकटत नाही. मुलांना दोन्ही तपासायला लावा.

मग अनुभवी माणूस काय करतो? तो एकाच जागेवरून तबकडी आधी उभी, मग आडवी फिरवतो. गोल नाणे दोन्ही दिशांनी सारखेच वाजते. वाकडा खिळा एका दिशेने गोड सूर देतो आणि दुसऱ्या दिशेने खरखरतो. तबकडी हळूहळू वर उचलली आणि सूर बराच उंच जाईपर्यंत टिकला, तर वस्तू मोठी असण्याचा संभव. याचे कारण गणितात आहे: तबकडीच्या मानाने दूर असलेल्या लहान वस्तूचे अंतर दुप्पट केले तर संकेत सुमारे ६४ पट क्षीण होतो. जाताना ८ पट, येताना ८ पट. आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, त्यामुळे अशी माती स्वतःच कुजबुजते आणि हे सूर ऐकणे कठीण होते. सरावासाठी लोक नाणे, खिळा, बूच ठराविक खोलीवर पुरून सूर कानात बसवतात. तरीही शंका उरली तर खणणे हाच उपाय.

सुरुंग काढणाऱ्यांना तर निवडीची मुभाच नाही. कंबोडियात पेरलेल्या काही सुरुंगांचे आवरण प्लास्टिकचे आणि आत धातू नावापुरता असतो. खिळा म्हणून सोडलेला एक संकेत कुणाचा पाय घेऊन जाईल. म्हणून तेथे वाजलेली प्रत्येक जागा हलक्या हाताने उकरतात, आणि बहुतेक वेळा निघतो तो गंजका तुकडाच. काम इतके संथ का चालते, याचे हे एक मोठे कारण.

हॉक्सनच्या लॉजने आणखी एक गोष्ट केली. थोड्या वस्तू हाती येताच त्याने खणणे थांबवले आणि कळवले. पुरातत्त्वज्ञांनी दुसऱ्या दिवशी उत्खनन केले, तेव्हा हा सारा ऐवज लाकडी पेटीत नीट रचून पुरलेला होता हे मातीतील खुणांवरून कळले. भारतात १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि संरक्षित किल्ल्यांवर परवान्याशिवाय खणताच येत नाही. तेव्हा यंत्र हाती आलेच तर सराव शाळेच्या मैदानावर, स्वतः पुरलेल्या खिळ्या-बुचांवर करावा.