गच्चीवरचा स्पंज

गच्ची म्हणजे पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले पापड आणि थर्टीफर्स्टची पार्टी. पण मुंबईसारख्या शहरात तिला आणखी एक काम देता येईल. पाऊस थोडा वेळ धरून ठेवण्याचं!

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमच्या सोसायटीची गच्ची पाच हजार चौरस फुटांची असेल, तर 25 मिलिमीटर पावसात तिच्यावरून सुमारे साडेअकरा हजार लिटर पाणी थेट गटारात जातं. चक्क टँकरभर! मुंबईतली जुनी गटारं ताशी 25 मिलिमीटर पावसाच्याच बेताने बांधलेली, तेही समुद्राला ओहोटी असेल तर. धो धो पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, की सखल भागात गुडघाभर पाणी ठरलेलंच.

ग्रीन रूफचा उपयोग इथेच होतो. ग्रीन रूफ म्हणजे चार कुंड्या नव्हेत. आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर मुळं अडवणारा थर, मग पाणी वाहून नेणारा थर, गाळणीचं कापड, हलकी माती आणि सगळ्यात वर झाडं. दहा सेंटिमीटरचा कोरडा थर पावसाच्या पहिल्या सरीतलं बरंचसं पाणी पिऊन टाकतो आणि उरलेलं सावकाश खाली सोडतो.

आपला पाऊस वेगळा

युरोपातली रिमझिम वेगळी आणि आपला आषाढ वेगळा. सलग चार दिवस पाऊस झाला, की माती गच्च भिजते. मग छप्पर पाणी पीत नाही, फक्त उशीर लावतं. पण तुंबण्याच्या वेळी हा उशीरही मोलाचा असतो. बँकॉकजवळच्या थम्मसात विद्यापीठाने 2019 मध्ये 22 हजार चौरस मीटरचं छत भातखाचरांसारखं पायऱ्यापायऱ्यांचं केलं. पाणी पायरीपायरीने उतरतं, खाली तळ्यात साठतं आणि वर भाजीपाला पिकतो.

हौसेआधी हे करा

- स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. दहा सेंटिमीटर भिजलेली माती चौरस मीटरला सव्वाशे-दीडशे किलो भरू शकते. जुन्या इमारतीला हे झेपेलच असं नाही.
- गळती आधी काढा. माती टाकल्यावर ती शोधणं म्हणजे डोकेदुखी.
- ऑफिस टाइमसारखी काटक झाडं निवडा. एप्रिल-मेमध्ये त्यांनाही थोडं पाणी लागेलच.
- पाइपांची तोंडं जूनआधी साफ करा.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझमध्ये 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. तसा दिवस कुठलीही गच्ची थोपवू शकणार नाही. नाले आणि मिठी नदी मोकळी ठेवण्याला पर्याय नाहीच. पण दर पावसाळ्यात ऑफिसमधून घरी परतताना बूट हातात घ्यायला लावणाऱ्या त्या तासाभराच्या सरी? त्यांच्याशी मात्र तुमची गच्ची दोन हात करू शकते. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगच्या भांडणाआधी हा विषय काढून तर बघा!