प्रोसेसर म्हणजे गिटार नव्हे

घरी बसून गिटार रेकॉर्ड करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. गिटारच्या इफेक्ट्स प्रोसेसरला हेडफोन लावून वाजवलं की आवाज झकास; तोच लॅपटॉपमध्ये घेऊन ऐकला की कर्कश, फाटका, नाहीतर अगदीच पिचका. मग दोष कधी लॅपटॉपला जातो, कधी केबलला, आणि शेवटी महागडा ऑडिओ इंटरफेस घ्यायचे बेत सुरू होतात. बऱ्याचदा गरज असते ती फक्त एक बटण बंद करण्याची.

हे बटण इंटरफेसवर असतं. फोकसराइटच्या स्कारलेट मालिकेत त्यावर ‘इन्स्ट’ असं लिहिलेलं असतं, इतर कंपन्या त्याला ‘हाय-झी’ म्हणतात. गिटार जोडायची म्हणून हे बटण दाबायचं, हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालेलं आहे. गिटार थेट जोडायची असेल तर ते बरोबरही आहे. गिटारच्या पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. त्यातून निघणारा सिग्नल अशक्त असतो. तो साधारण दहा लाख ओहम इम्पीडन्स असलेल्या इनपुटमध्येच नीट उतरतो. कमी इम्पीडन्सच्या इनपुटला जोडला की त्याची धार जाते, आवाज मंद होतो.

पण मध्ये प्रोसेसर आला की हे गणित बदलतं. पिकअपला सांभाळून घेण्याचं काम प्रोसेसरच्या इनपुटनं आधीच केलेलं असतं. त्याच्या आउटपुटमधून निघतो तो दमदार, लाइन लेव्हलच्या जवळ जाणारा सिग्नल. त्यालाही गिटार समजून ‘इन्स्ट’मध्ये घातलं की इंटरफेस तो आणखी वाढवतो आणि आवाज फाटतो. म्हणून प्रोसेसर लाइन इनपुटला जोडायचा आणि ते बटण बंद ठेवायचं. एखाद्या प्रोसेसरला एक्सएलआर आउटपुट असेल आणि तिथून केबल घेतली असेल, तर ४८ व्होल्टची फँटम पॉवरही बंद हवी. ती कंडेन्सर माइकसाठी असते.

आता कर्कशपणाचं दुसरं कारण. इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आपल्या कानात बसला आहे, त्यात अँपइतकाच वाटा स्पीकरचा असतो. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्यानं गाळून टाकतो. डिस्टॉर्शनमधली सगळी खरखर तिथेच अडते. स्पीकरला वगळून सिग्नल थेट रेकॉर्ड केला, तर ती खरखर जशीच्या तशी कानावर आदळते.

अमेरिकेतल्या ‘बोस्टन’ बँडचा टॉम शोल्झ हा एमआयटीमध्ये शिकलेला इंजिनिअर. पोलरॉइड कंपनीत नोकरी करत असताना त्यानं घराच्या तळघरात रेकॉर्डिंगचं सामान मांडलं होतं, आणि १९७६ साली आलेल्या बँडच्या पहिल्या अल्बमची जडणघडण बरीचशी तिथेच झाली. याच शोल्झनं १९८२ साली ‘रॉकमन’ नावाची, वॉकमनएवढी डबी बाजारात आणली. गिटार तिला जोडायची, हेडफोन लावायचे आणि भल्यामोठ्या अँपचा भास ऐकायचा. स्पीकर जे गाळतो ते ही डबी इलेक्ट्रॉनिक सर्किटनं गाळत असे. डेफ लेपर्डच्या १९८७च्या ‘हिस्टेरिया’ अल्बममध्ये गिटारसाठी या रॉकमनचा भरपूर वापर झाला. म्हणजे ‘खरा अँप असल्याशिवाय रेकॉर्डिंग नाही’ हा हट्ट तेव्हाच मोडीत निघाला होता.

आजच्या प्रोसेसरमध्ये हेच काम कॅबिनेट सिम्युलेशन करतं. ते चालू आहे ना, हे मात्र तपासावं लागतं. उदाहरणार्थ, बॉसच्या जीटी-१ मध्ये ‘आउटपुट सिलेक्ट’ अशी सेटिंग आहे. प्रोसेसर अँपला जोडला असेल तर तिथे अँपचा प्रकार निवडायचा, इंटरफेसला जोडला असेल तर ‘लाइन/फोन्स’. स्टेजवरची सेटिंग तशीच ठेवून घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याचा आवाज बिघडतो तो इथे.

केबलचाही एक सापळा आहे, आणि तो भल्याभल्यांना चकवतो. प्रोसेसरला हेडफोनचं आउटपुट असतंच, म्हणून काहीजण तिथून स्टीरिओ जॅकची केबल काढून इंटरफेसच्या एकाच लाइन इनपुटला लावतात. ते इनपुट बॅलन्स्ड असतं. जॅकच्या टोकावरच्या सिग्नलमधून ते कड्यावरचा सिग्नल वजा करतं. हेडफोनमध्ये टोकावर डावी बाजू असते आणि कड्यावर उजवी. दोन्हींकडे सारखा असलेला, म्हणजे मधोमध ऐकू येणारा आवाज वजाबाकीत नाहीसा होतो! उरतो तो रिव्हर्ब आणि डिलेचा धूसर पसारा. गिटार विहिरीच्या तळातून वाजते आहे असं वाटलं, तर आधी ही केबल पाहावी. साधा मार्ग असा: प्रोसेसरच्या ‘एल/मोनो’ आणि ‘आर’ या आउटपुटमधून दोन साध्या गिटार केबल काढाव्यात, इंटरफेसच्या दोन लाइन इनपुटना लावाव्यात, आणि सॉफ्टवेअरमध्ये एक ट्रॅक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे न्यावा. स्टीरिओ इफेक्ट नको असतील तर ‘एल/मोनो’ची एकच केबल पुरे.

लेव्हलबद्दल फार डोकेफोड नको. इंटरफेसचा गेन अगदी कमी ठेवून सुरुवात करावी, सर्वांत जोरकस स्ट्रमिंग करून पाहावं आणि मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबला की समाधान मानावं. २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये काटा लाल रेषेपर्यंत ढकलून काहीच पदरात पडत नाही.

वाजवल्यावर आवाज उशिरा येत असेल, तर ते बफरचं काम. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ५.८ मिलिसेकंदांचा उशीर, आणि तो जाताना आणि येताना असा दोनदा लागतो. इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर चालू केलं की ही कटकट मिटते. मात्र मग सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करावं, नाहीतर प्रत्येक सूर दुहेरी ऐकू येतो.

‘प्रोसेसरला यूएसबी आहे, मग इंटरफेस हवाच कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. फक्त गिटार घ्यायची असेल तर खरंच नको. सोबत माइकवर गाणंही घ्यायचं असेल, तर विंडोजवर एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर चालवण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, त्यामुळे प्रोसेसरची यूएसबी आणि माइकचा इंटरफेस एकत्र चालत नाहीत; तिथे दोन्ही इंटरफेसमधूनच घेण्याला पर्याय उरत नाही.

सर्वांत शेवटी, रेकॉर्डिंगमध्ये मागे ऐकू येणारी घूं घूं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही गुणगुण खालच्या पट्टीत येते. आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्य करावा. आवाज गेला तर दोष पिकअपचा. लॅपटॉप आणि अडॅप्टरपासून दूर बसावं. नाही गेला तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. जीटी-१ चार पेन्सिल सेलवरही चालतो, तोही तसा चालवून पाहावा. आता गुणगुण थांबली तर ती विजेच्या वाटेनं येत होती, हे नक्की. अशा वेळी सगळी उपकरणं अर्थिंग असलेल्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावीत किंवा मध्ये ग्राउंड लिफ्टची सोय असलेला डीआय बॉक्स लावावा. प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो बिलकूल ऐकू नये. गिटारच्या तारा त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याचा हात सतत त्या तारांवर असतो. घरात अर्थिंगच धड नसेल, तर रेकॉर्डिंग बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवा.